वाडीवरच्या सतरा फुल्या

कर्णिकांनी मला फसवलं, आणि माझ्या तोंडून बोरीच्या वाडीला फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. पुढं मी भाताच्या वासाबद्दल, धुक्याबद्दल काहीबाही लिहीन, कर्णिकांबद्दल दोन बरे शब्दही लिहावे लागतील, तेव्हा वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायला नको.

दिवाळी सरली, कंदील उतरले, की चौकाच्या नाक्यावर माझ्या स्टुडिओच्या दारात पेंढ्याचा वास येतो. हायवेवरून ट्रक धूर सोडत जात असतात, समोरच्या ढाब्यावर कांदा तळत असतो, शेजारच्या गॅरेजात डिझेल सांडलेलं असतं, आणि या सगळ्यातून सकाळी आठच्या सुमाराला तो वास वाट काढत येतो. कापलेल्या भाताचा, ओलसर, किंचित गोड. तो आला की मी वर बघतो. आठ वर्षं झाली तरी सवय जात नाही. वर इर्शाळचा सुळका असतो, एखादी घार असते. बाकी काही नसतं.

त्या वर्षी याच दिवसांत वरून माणसं आली होती.

मी बोरीच्या वाडीचाच. चौकापासून चालत तासाभराची वाट. दहिवलीच्या एका फोटोग्राफरकडे प्रिंट धुता धुता धंदा शिकलो, आणि पुढं चौकाला भाड्याच्या खोलीत पडदा टांगून स्वतःची पाटी लावली. बापाचं काही नव्हतं, सासऱ्याचं काही घेतलं नाही. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेलं. शेजारच्या गॅरेजचा मालक इब्राहिमभाई म्हणायचा, "सदाशेट, यम आला ना तुला न्यायला, तर तू म्हणशील येतो, पण तुमचा रेडा माझ्या दारात ठेवून जा." मला राग यायचा, पण आतून बरंही वाटायचं.

कर्णिक आले ते त्याच्याच गॅरेजात. भाद्रपदातलं ऊन होतं, जीपचा क्लच गेला होता, आणि दुरुस्तीला वेळ लागणार म्हणून ते माझ्या दुकानात येऊन बसले. मुंबईत जाहिरातींच्या फिल्म करायचे. उंच, पन्नाशीकडे झुकलेले, हातावर उन्हानं पडलेले डाग. भिंतीवरचे माझे लग्नाचे फोटो त्यांनी एकेक करून बघितले, आणि एका फोटोपाशी थांबून विचारलं, "हा कुठून घेतलात? सगळं वऱ्हाड आलंय."

"मांडवाच्या खांबावर चढून."

ते हसले. मग म्हणाले, मला आभाळातून पडताना फिल्म घ्यायची आहे.

मला वाटलं, पॅराशूटला लटकून. ते म्हणाले नाही, छत्री उघडायच्या आधी. विमानातून उडी मारायची, जोडीदार समोर पडत असेल, कॅमेरा डोक्यावर, दोन्ही हात मोकळे. विमान मुंबईहून येईल, आणि उतरायला जागा म्हणून त्यांनी आमच्या पाताळगंगेच्या काठची सपाट खाचरं नकाशावर खुणा करून आणली होती.

इब्राहिमभाई दारात तेलाचे हात पुसत उभा होता. म्हणाला, "साहेब, तुमी जोडीदाराला टिपणार. तुमाला कोण झेलणार?"

कॅमेरा त्यांनी जीपमधून आणून दाखवला. जुन्या लढाऊ विमानावर बसवायचे ना, तसला, विटेएवढा. आत सव्वा मिनिटाची, फार तर दीड मिनिटाची फिल्म. आणि पुढं लावायला आणलेली लेन्स वीतभर लांब. दूरचं जवळ आणणारी. कर्णिकांचं म्हणणं, आभाळात सगळं लांब असतं, तेव्हा लांबची लेन्स लागणार. मलाही ते पटलं. आज वाटतं, त्या दिवशी आम्हा दोघांची अक्कल सारखीच होती. त्यांचीच जास्त होती असं काही नाही.

*

हल्ली लग्नात व्हिडिओ असतो. माझ्याकडेही आहे, खांद्यावर घ्यायचा, डोळ्याला लावला की आतच चित्र दिसतं. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं तसं नव्हतं. तो डोक्याच्या वर, डोळ्याला काही लागत नाही; जिकडं मान वळेल तिकडं तो बघणार. इब्राहिमभाईनं एका मोडीतल्या मडगार्डचा पत्रा कापून हेल्मेटवर बैठक केली, आणि उजव्या डोळ्यासमोर तारेचं एक कडं वाकवून बसवलं. त्या कड्यात जोडीदार दिसला म्हणजे तो फिल्मवर आला, असा हिशेब.

तो हिशेब तपासायला मी हेल्मेट घालून इब्राहिमभाईच्या टेंपोत मागं तोंड करून बसलो. टेंपो जुन्या हायवेवरून शिळफाट्याच्या दिशेनं, मागून कर्णिक सायकल मारत. आभाळाच्या ऐवजी डांबरी रस्ता, बाकी सगळं तेच. चौकातली माणसं दुकानाबाहेर येऊन बघत होती. कुणीतरी ओरडलं, "सदाशेटला लागीर झालं रं!"

फिल्म धुऊन यायला दहा-बारा दिवस लागले. स्टुडिओची दारं लावून आम्ही ती भिंतीवर बघितली. एक झाड आलं, मग आभाळ, मग मैलाचा दगड, मग पुन्हा आभाळ.

"मी कुठाय?" कर्णिक म्हणाले.

"थांबा, थांबा," इब्राहिमभाई म्हणाला. "ती बघा तुमची चप्पल."

त्या चपलेनं मला शहाणं केलं. लांबची लेन्स म्हणजे बांबूच्या नळीतून बघणं. मान दोन बोटं हलली की माणूस गेला. टेंपोच्या एका धक्क्याला ही तऱ्हा, तर वाऱ्यात पडणाऱ्या माणसाची मान किती हलत असेल? आणि जोडीदार लांब नसतोच मुळी. कर्णिक स्वतःच म्हणाले होते, आम्ही हाताला हात लागेल एवढे जवळ येतो. मग दुर्बीण कशाला? लागणार होता तो रुंद डोळा. वाइड अँगल. मान चुकली तरी माणूस चौकटीत राहील, धक्का बसला तरी चित्र फार हलणार नाही, आणि फोकस करायची भानगड नाही. चार हातांवरच्या माणसापासून डोंगरापर्यंत सगळं स्वच्छ. मी लग्नात मांडवाच्या खांबावरून तेच तर करत होतो.

लेन्स आणायला मी मुंबईला गेलो, जुने कॅमेरे विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. त्याला वाइड पाहिजे असं सांगितलं असतं तर त्यानं माझा गळा कापला असता. मी लांबच्या लेन्सा बघत बसलो, नाक मुरडत बसलो, चहा मागवला तो प्यालो. तासाभरानं कोपऱ्यातली धूळ खात पडलेली एक बुटकी लेन्स उचलली, उजेडाला धरली आणि म्हटलं, "हिला बुरशी धरलीय. ही तर कुणी फुकट पण नेणार नाही." बुरशी होती, पण अगदी कडेला, नखाच्या टोकाएवढी. म्हातारा वैतागून म्हणाला, "ने बाबा, ने, आणि परत येऊ नको." ज्या भावात मी ती आणली तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

तिची पुढची काच बटणाएवढी, बाहेर फुगलेली. इब्राहिमभाई म्हणाला, "हा तं बेडकाचा डोळा हाय."

पुन्हा टेंपो, पुन्हा सायकल, पुन्हा भिंत. या वेळी सगळं आलं. कर्णिक, सायकल, दोन्ही बाजूंची झाडं, मागं डोंगरांची पूर्ण रांग, आणि कडेला इब्राहिमभाईचं कोपरसुद्धा. कर्णिक उठून भिंतीपाशी गेले. चित्र त्यांच्या पाठीवर पडत होतं. वळून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तो आनंद खरा होता. तेवढं मी नाकारत नाही.

"आता तुमचं काय ते सांगा, सदाशिवराव."

मी भिंतीकडे बघत होतो. रीळ संपून नुसता उजेड पडत होता. रस्त्याचा तुकडा जर एवढा मावतो, तर दहा हजार फुटांवरून काय काय मावेल, हे माझ्या डोक्यात फिरत होतं. कारण दिवाळीआधीच वाडीवर नोटिसा आल्या होत्या. नदीकाठची सगळी खाचरं कारखान्याला जाणार होती. मोजणीचे खुंटे बांधांवर ठोकून झाले होते, माणसं ते पाय लागून पडू नयेत म्हणून वळसा घालून चालत होती. यंदाचं भात शेवटचं, हे कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

"पैसे नकोत," मी म्हटलं.

इब्राहिमभाईच्या हातातला पाना खाली पडला.

"छत्री उघडली तरी कॅमेरा बंद करायचा नाही. फिल्म संपेपर्यंत मान खाली ठेवायची. आमची वाडी आली पाहिजे, नदीपासून डोंगरापर्यंत. आणि रिळाची एक प्रत वाडीची. तुम्ही प्रोजेक्टर घेऊन यायचं आणि शाळेच्या भिंतीवर ती दाखवायची."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी हात पुढं केला, मी धरला. लग्नाच्या अल्बमची ऑर्डर घेताना मुलीच्या बापाची सही घेणारा माणूस मी. त्या दिवशी कागद केला नाही. इब्राहिमभाईनं नंतर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, जो माणूस आभाळातून उडी मारायला तयार आहे तो जमिनीवरचा शब्द कशाला मोडेल? असला युक्तिवाद मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला असता तर त्याला दुकानातून हाकललं असतं.

*

कार्तिकातलं धुकं आमच्याकडं नदीवरून येतं. आधी पाण्यावर पसरतं, मग खाचरांत चढतं, आणि भाताची पिवळी टोकं तेवढी वर राहतात. उन्हं आली की हळूहळू विरतं, आणि मग कणसांवरचं दव असं चमकतं की डोळे बारीक करावे लागतात. बायका पदर खोचून वाकलेल्या, विळ्यांचा खर्र खर्र आवाज, मधेच कुणाची तरी हाक, कुणाचं तरी हसू. सारवलेल्या खळ्यांवर भारे येऊन पडतात, त्यांच्या उडव्या रचल्या जातात, माणसाच्या दुप्पट उंच. त्या दिवसांत अंगाला भाताचं कूस लागतं, खाज सुटते, आणि तरीही कुणी तक्रार करत नाही.

नामादादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. कर्णिकांच्या नकाशावरची खूण बरोबर त्याच्या नदीकाठच्या खाचरावर पडत होती. मी त्याला गाठलं तेव्हा तो बांधावरच्या आंब्याखाली विळ्याला धार लावत होता.

"दादा, तुझं खाचर आठ दिस आधी कापशील का? मोकळं पायजे, उतरायला."

"हिरवं हाय रं सद्या आजून. निम्मा दाना दुधात हाय."

"वरनं शूटिंग व्हनार हाय. आख्खी वाडी येनार त्यात. मंग शाळंच्या भिंतीवर आपल्याला दाखवनार हायत."

त्यानं एक कणीस ओढलं, दाणा दाताखाली धरला, थुंकला. लांबवर एक खुंटा दिसत होता, त्याच्या टोकाला लाल फडकं.

"कुठवर दिसंल?"

"नदीपासनं पार डोंगरापातूर."

"ह्यो आंबा?"

"दिसंल."

"बांध समदे?"

"समदे, दादा."

"मंग कापतो," तो म्हणाला. "पुढल्या साली तसंबी..." आणि विळ्याला धार लावायला लागला.

त्यानं खरोखरच कापलं. हिरवट भात, हलका दाणा. वाडीतल्या माणसांनी त्याला वेड्यात काढलं.

उडीच्या दोन दिवस आधी मी वाडीत गेलो, तर मारुतीच्या पारावर सगळ्या बायका माझी वाट बघत होत्या. पुढं बायजा म्हातारी. हिचं खळं वाडीच्या वरच्या अंगाला, एकटीच राहायची, तोंड मात्र दहा जणींचं.

"काय रं सदा, आमी दिसनार म्हनं. किती मोठं दिसनार?"

मी लेन्स समजावून सांगायला लागलो. मला ती समजावून सांगायची हौसच होती. म्हटलं, या काचेतून सगळं येतं, पण बारीक होऊन येतं. जेवढं जास्त मावतं तेवढं लहान दिसतं.

"म्हंजी आमी मुंग्या?"

"मुंग्या नाय, पन... घरं दाण्यावानी दिसतील."

"मंग कुनाचं घर कंचं, ह्ये कसं वळखायचं रं? समदी कौलं सारकीच. भिंतीवर बघताना ती सखू म्हनंल ह्ये माजं, आन् मी म्हनंन माजं. भांडान लावतोस काय आमच्यात?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि म्हणालो, "आपापल्या खळ्यावर कायतरी पांढरं अंथरा. पांढरं उठून दिसतं."

मी हे फोटोग्राफर म्हणून बोललो. चौकटीत काय दिसेल याचा विचार केला. त्या चौकटीमागं एक माणूस आहे आणि त्याला खाली उतरायचं आहे, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. उतरायची जागा कळावी म्हणून कर्णिकांची माणसं नामादादाच्या खाचरात पांढऱ्या कापडाची मोठी फुली घालणार होती. मला ते माहीत होतं. तरी दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींशेजारी आल्या नाहीत.

आदल्या दिवशी त्या माणसांनी ती फुली घालून बघितली. वाडीतल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी आपसांत ठरवलं, आभाळातून दिसायला असंच घालायचं असतं. नुसतं अंथरून चालत नसणार, साहेबानं घातलंय तसं आडवं-उभं घालायला पाहिजे.

*

सकाळी धुकं विरेपर्यंत आम्ही नामादादाच्या कापलेल्या खाचरात उभे होतो. पायाखाली खुंट टोचत होते. मी फुलीच्या कापडावर दगड ठेवत होतो, इब्राहिमभाई खिशातले शेंगदाणे खात होता. मग आवाज आला. आधी भुंग्यासारखा, मग स्पष्ट. विमान इतकं वर होतं की दिसत होतं ते फक्त चमकणं.

"पडली!" कुणीतरी ओरडलं.

दोन काळे ठिपके. ते पडत होते असं वाटतच नव्हतं, आभाळातच थांबल्यासारखे. मी मनात आकडे मोजत होतो, कारण वर माझा बेडकाचा डोळा उघडा होता, आणि त्याच्यात आत्ता या घडीला सगळं शिरत होतं: नदी, वाळूची पट्टी, आंबा, खुंटे, बांध, आमच्या टोप्या. आयुष्यात मी हजारो फोटो काढले, पण स्वतः चौकटीत उभं राहून कधी असं वाटलं नव्हतं.

मग दोन छत्र्या फुलल्या. एक नारिंगी, एक पांढरी. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नामादादा डोळ्यांवर हात धरून बघत होता. म्हणाला, "सद्या, ते आपल्याकडं नाय येत रं."

नारिंगी छत्री नदीकडं गेली. पांढरी, कर्णिकांची, अर्ध्या वाटेवर एकदा आमच्याकडं वळली, मग उलटी फिरली, पुन्हा वळली, आणि वाडीच्या मागं, झाडांपलीकडं दिसेनाशी झाली. आम्ही पळालो. वाडीतून जाताना पहिल्या खळ्यावर मला दिसली: दोन धोतरं, एकावर एक आडवी-उभी. दुसऱ्या खळ्यावर चादर फाडून. तिसऱ्यावर युरियाच्या पांढऱ्या गोण्या उसवून, सुईदोऱ्यानं टाचून, इतकी रेखीव फुली की साहेबाच्या माणसांनाही जमली नसती. नंतर मी घरोघर फिरून मोजल्या. सतरा. वाडीत घरं सतराच.

कर्णिक बायजा म्हातारीच्या उडवीत कमरेपर्यंत घुसलेले होते. छत्री तिच्या कौलांवर पसरली होती. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी.

"आरं आभाळातनं आलास, आन् माज्याच उडवीत पडलास? लागलं काय रं लेका?"

त्यांचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला होता. "फुल्या," ते म्हणाले. "सगळीकडं फुल्या." आणि मग, "कॅमेरा बघा."

मी बघितला. लेन्स शाबूत होती, काचेवर एक पेंढ्याची काडी चिकटलेली. फिल्म शेवटपर्यंत गेली होती. त्यांनी शब्द पाळला होता. घाबरून, भोवंडून, कुठं उतरायचं कळत नसताना त्यांनी मान खालीच ठेवली होती. हे मी विसरत नाही. त्यांच्याशी माझं जे भांडण आहे त्यात हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

घोटा सुजला होता. बायजानं हळद-तेल गरम करून लावलं, आणि ते ओरडले तेव्हा म्हणाली, "वरनं उडी मारताना नाय वरडलास, आता रं काय?" तेही हसले. ओट्यावर बसून तिच्या हातची पेज प्यायले, मीठ मागून घेतलं. तिला म्हणाले, "आजी, तुमच्या उडवीनं मला वाचवलं." ती म्हणाली, "मंग आमाला ते भिंतीवरचं दाखव लवकर." ते म्हणाले, "दाखवीन. आईशप्पथ."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. इब्राहिमभाईनं ऐकलं आहे, नामादादानं ऐकलं आहे.

मग मुंबईची मंडळी जीपमधून आली. जोडीदार गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल घेऊन, निळा शर्ट भिजलेला, हसत हसत. सगळे हसायला लागले. कोणी म्हणालं, अरे कर्णिक, शेवटी खळ्यावर उतरलास? कोणी उडवीचा फोटो काढला. मी कर्णिकांच्या तोंडाकडं बघत होतो. आमच्यात बसून हसणारा माणूस त्यांच्यासमोर बसून हसू शकत नव्हता. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "हे अंथरायला कोणी सांगितलं होतं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. जीप निघताना मी विचारलं, तेव्हा पुढं बघत म्हणाले, "प्रत पाठवतो."

*

पौष गेला, माघ गेला. नामादादा आठवड्याच्या बाजाराला चौकात आला की दारात उभा राहायचा, "आली?" एवढंच विचारायचा. मी मुंबईला दोन खेपा मारल्या. पहिल्यांदा साहेब बाहेर होते. दुसऱ्यांदा भेटले. घोटा अजून दुखत होता, काठी टेबलाला टेकवलेली. म्हणाले, "सदाशिवराव, तुमच्या लोकांमुळं त्या दिवशी माझा जीव गेला असता."

"चूक माझी होती, साहेब. वाडीची नव्हती."

"मग वाडीला तुम्हीच सांगा."

तिथं मी थंड राहायला हवं होतं. त्या जुन्या लेन्सवाल्यापुढं तासभर बसलो होतो तसं बसायला हवं होतं. माणूस वाईट नव्हता, लाजलेला होता, आणि लाजलेल्या माणसाला थोडी वाट मोकळी करून दिली की तो नरम येतो, हे मला धंद्यात रोज कळतं. पण माझं डोकं फिरलं. मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारला. दोन शिपायांनी मला जिना दाखवला. तेव्हापासून तिथलं दार मला बंद आहे.

पुढच्या वर्षी खोपोलीला सिनेमाला गेलो होतो. मध्यंतरात जाहिराती लागल्या. शर्टाच्या कापडाची एक लागली, आणि पडद्यावर निळा शर्ट घातलेला माणूस आभाळातून पडायला लागला. मी ताडकन उभा राहिलो. मागून कोणीतरी ओरडलं, "ए, बस की खाली!" माणूस पडद्याभर होता. शर्ट फडफडत होता, दात दिसत होते. त्याच्या आजूबाजूला नुसता हिरवट-पिवळा धुरळा. दहा-अकरा सेकंद, आणि संपलं.

ते मी तीन दिवस लागोपाठ बघितलं. मला कळलं काय केलंय ते. माझ्या लेन्समधून तो माणूस एवढा मोठा येऊच शकत नव्हता. त्यांनी चौकटीचा मधला तुकडा घेतला, तो ताणून मोठा केला, आणि कडा टाकून दिल्या. आमची वाडी कडांना होती.

चौथ्या दिवशी नामादादाला घेऊन गेलो. का नेलं, मला सांगता येणार नाही. तो टोपी मांडीवर घेऊन बसला होता. जाहिरात लागली तसा पुढं वाकला. संपल्यावरही तसाच वाकलेला राहिला.

"सद्या, ह्यो मानूस तं तोच. निळ्या सदऱ्याचा. आपली वाडी कुठाय रं?"

"बाहेर राहिली, दादा."

"बाहेर कुठं?"



आता नदीकाठाला भिंत आहे, वर काचा रोवलेल्या. आत काय चालतं ते कळत नाही, रात्रंदिवस एक घरघर असते. बायजा म्हातारी तीन वर्षांपूर्वी गेली. वाडी अजून आहे, डोंगराच्या अंगाची चार-दोन खाचरं आहेत, त्यांचाच वास सकाळी चौकापर्यंत येतो. संध्याकाळी माणसं पारावर बसतात आणि भांडतात. आंबा कुठल्या बांधावर होता, यावरून दोन सख्खे भाऊ मागच्या महिन्यात एकमेकांशी बोलायचे थांबले. नामादादा काठीनं मातीत बांध काढून दाखवतो. दुसरा कोणी तरी ते पायानं पुसतो आणि वेगळे काढतो. दोघंही शपथेवर सांगतात. दोघांनी तिथं जन्म काढलेला आहे.

मला हे मान्य आहे की पांढरं अंथरा असं मी म्हणालो. ती चूक मी वाडीसमोर पारावर उभा राहून कबूल केली. बायकांनी मला शिव्या घातल्या, आणि मग बायजानंच सगळ्यांना गप्प केलं. माझा जाब देऊन झाला आहे.

आता कर्णिकसाहेब, तुमचा. तुमच्या घोट्याबद्दल मला वाईट वाटतं. तुमच्या मित्रांपुढं तुमची फजिती झाली त्याबद्दलही वाटतं. पण ज्या दीड मिनिटाच्या फिल्ममधले दहा सेकंद तुम्ही विकलेत, त्याची मूळ निगेटिव्ह कापलेली नसणार. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या कडा असणार. ती कुठल्या कपाटात आहे? की फेकून दिलीत? फेकली असेल तर कोणी, आणि फेकताना तुम्ही तिथं होतात का? मला पत्र नको, पाकीट नको, माफी नको. बोरीच्या वाडीत या, नामा पाटलाच्या ओट्यावर बसा, आणि त्याच्या तोंडाकडं बघून सांगा. तो अजून जिवंत आहे. लवकर या.